इमारत तीच, वापर चार. आणि आमचे प्लॉट

या अंकात विलायतेतल्या एका घराची गोष्ट देतो आहोत. पाऊस तोंडावर आलाय, राब भाजून झालेत, बियाण्याची जुळणी चाललीय आणि यांना विलायत कशी काय सुचली, असं कोणीतरी म्हणणारच. म्हणू द्या. पण गोष्ट शेवटपर्यंत वाचा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला पाड्यावर बसून वाचून दाखवा. घर तिकडचं आहे, पण त्यातून निघणारा प्रश्न आपल्या प्लॉटचा आहे.

पाण्याचा उपाय

स्कॉटलंडमध्ये एडिंबरो नावाचं शहर आहे. त्याच्या कडेला क्रेगलॉकहार्ट नावाची टेकडी आहे. तिथं १८८० साली एका कंपनीनं मोठी दगडी इमारत उघडली. ती धड हॉटेल नव्हती, धड दवाखाना नव्हता. तिला ‘हायड्रोपॅथिक’ म्हणत, म्हणजे पाण्यानं बरं करण्याचं ठिकाण. गार पाण्याच्या आंघोळी, ओल्या चादरीत गुंडाळून ठेवणं, साधं जेवण, मोकळ्या हवेत फिरणं, आणि दारू बंद. शहरातले पैसेवाले लोक तिथं येऊन राहत आणि प्रकृती सुधारून परत जात.

हा उपाय कोणाच्या डोक्यातून निघाला? शिकलेल्या डॉक्टरच्या नाही. आजच्या चेक देशाच्या डोंगराळ भागात ग्रेफेनबर्ग नावाचं खेडं होतं. तिथं प्रीसनिट्झ नावाच्या शेतकऱ्याच्या पोरानं हा उपाय चालू केला. डॉक्टरकीचं कसलंही शिक्षण त्याला नव्हतं. सुरुवातीला डॉक्टर लोकांनी त्याला भोंदू ठरवलं, त्याच्या मागे कोर्टकचेरी लावली. मग राजेरजवाडे, सरदार त्याच्याकडे येऊ लागले आणि तोच उपाय ‘शास्त्र’ झाला. पुढं सगळ्या युरोपात त्याची हॉटेलं निघाली, कंपन्या निघाल्या, शेअर विकले गेले.

हे आपल्याला नवं नाही. आपल्या बायांना शंभर पाल्या ठाऊक आहेत, कोणती मुळी कशावर चालते ते आपल्या वैदूला ठाऊक आहे. आपण ती मुळी काढली की गार्ड पोतं जप्त करतो. तीच मुळी व्यापाऱ्याच्या ट्रकात गेली की तिला ‘गौण वनोपज’ म्हणतात आणि शहरात बाटलीत भरली की ‘औषध’. जाणकारी आपली, बाटली दुसऱ्याची.

लढाईचा दवाखाना

क्रेगलॉकहार्टचा पहिला वापर हा असा झाला. दुसरा वापर लढाईनं आणला. १९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं. फ्रान्समध्ये खंदकात बसलेल्या माणसांवर रात्रंदिवस तोफगोळे पडत होते. अंगावर जखम नाही, पण माणूस थरथर कापतो, बोलती बंद होते, रात्री किंचाळत उठतो, अशी हजारो माणसं मागं येऊ लागली. याला ‘शेल शॉक’ म्हणत. १९१६ मध्ये लष्करानं ही पाण्याच्या उपायाची इमारत ताब्यात घेतली आणि अशा रुग्णांचा दवाखाना केला. १९१९ पर्यंत तो चालला. सतराशेच्या आसपास रुग्ण तिथं राहून गेले.

पण हे सगळे अधिकारी होते. क्रेगलॉकहार्ट फक्त अधिकाऱ्यांसाठी होतं. साध्या शिपायासाठी दुसरे दवाखाने होते आणि तिथली वागणूकही दुसरी होती. शिवाय त्याच लढाईत पळून गेल्याबद्दल, भित्रेपणाबद्दल इंग्रज लष्करानं आपल्याच तीनशेवर शिपायांना खांबाला बांधून गोळ्या घातल्या. त्यातले कितीतरी याच आजारानं मोडलेले होते. अधिकाऱ्याचं मन मोडलं तर ‘आजार’, शिपायाचं मोडलं तर ‘गुन्हा’. दुखणं एकच, नाव मात्र हुद्द्याप्रमाणं.

या दवाखान्यात १९१७ च्या जुलैत सिगफ्रिड ससून नावाचा एक अधिकारी आला. नाव ओळखीचं वाटलं ना? मुंबईचा ससून डॉक, पुण्याचं ससून हॉस्पिटल ज्या घराण्याचं, त्याच घराण्यातला तो. मुंबईच्या डेव्हिड ससूनचा पणतू. अफू आणि कापसाच्या व्यापारावर त्या घराण्याचा पैसा उभा राहिला होता. हा पणतू मात्र कवी निघाला. लढाईत शौर्याचं पदक मिळवलेला हा माणूस उठला आणि त्यानं जाहीर पत्रक काढलं. ही लढाई आता मुलूख जिंकायची झालीय, ज्यांच्या हातात ती थांबवणं आहे तेच ती लांबवताहेत, मी यापुढं यात भाग घेणार नाही, अशा आशयाचं. ते पत्रक इंग्रजांच्या पार्लमेंटात वाचलं गेलं.

आता अशा माणसाचं काय करायचं? लष्करी कोर्टापुढं उभं करावं तर त्याचं म्हणणं देशभर पोचणार. मग त्याच्या मित्रानं आणि वरच्या लोकांनी मिळून तोड काढली. डॉक्टरांचं मंडळ बसवलं, त्याला आजारी ठरवलं आणि क्रेगलॉकहार्टला धाडलं. मित्रानं ते त्याचा जीव वाचवायला केलं, हे खरं. पण सरकारला ते सोयीचं होतं, हेही तितकंच खरं. जो विरोध करतो त्याचं डोकं ठिकाणावर नाही असं म्हटलं की त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायची गरज राहत नाही. आपल्याला वेडे म्हणत नाहीत. ‘भोळे आहेत, बाहेरच्यांनी भडकवलंय’ असं म्हणतात. काम तेच होतं.

त्याच दवाखान्यात विल्फ्रेड ओवेन नावाचा दुसरा तरुण अधिकारी होता. रुग्णांचं एक मासिक निघत असे, त्याचं नाव ‘द हायड्रा’. ओवेन काही काळ त्याचा संपादक होता. आपल्या या पत्रकासारखंच ते; आत बसलेल्यांनी आपल्यासाठी काढलेलं. ससूनच्या सोबतीनं ओवेनची कविता तयार झाली. पुढं दोघंही बरे ठरले आणि परत लढाईवर गेले. ४ नोव्हेंबर १९१८ ला ओवेन गोळी लागून मेला. लढाई थांबायला एकच आठवडा उरला होता.

म्हणजे त्या इमारतीत बरं करणं कशासाठी होतं? परत खंदकात पाठवण्यासाठी. बैल लंगडला तर त्याला शेक देतात, त्याच्यावर माया असते म्हणून, आणि उद्या नांगराला जुंपायचा असतो म्हणूनही. सरकारच्या कुठल्याही ‘कल्याण योजने’पुढं हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. आमचं कल्याण करताय, ते कोणत्या नांगरासाठी?

त्याच लढाईत आपले लोक

ही लढाई गोऱ्यांचीच होती असं समजू नका. १९१७ मध्ये सरकारनं हिंदुस्थानातून फ्रान्सला मजुरांच्या पलटणी नेल्या. रस्ते बांधायला, लाकडं तोडायला, ओझी वाहायला. रांचीकडचे मुंडा, उराँव, संथाल, आसामच्या डोंगरातले नागा, लुशाई, खासी असे हजारो आदिवासी त्यात होते. सगळे राजीखुशीनं गेले नाहीत. ओरिसातल्या मयूरभंज संस्थानात त्याच वर्षी या भरतीविरुद्ध संथाल उठले. मणिपूरच्या डोंगरात कुकी उठले आणि १९१९ पर्यंत लढत राहिले. त्यांना कोणी आजारी ठरवलं नाही. त्यांच्यावर फौज गेली, गावं जाळली.

ससूनही नाही म्हणाला आणि कुकीही नाही म्हणाले. एकाला दवाखान्यात खोली मिळाली, दुसऱ्यांच्या घरादाराची राख झाली. ससूनचं धाडस आम्ही लहान मानत नाही. पण हा फरक लक्षात ठेवतो.

तिसरा वापर, चौथा वापर

लढाई संपली. १९२० मध्ये ती इमारत कॅथलिक ननांच्या एका संघानं घेतली. तिथं त्यांचा मठ झाला आणि शिक्षिका तयार करण्याचं कॉलेज झालं. साठेक वर्षं ते चाललं. नंतर १९८० च्या पुढं ती नेपिअर कॉलेजकडं आली, आणि त्या कॉलेजचं १९९२ मध्ये विद्यापीठ झालं. आज तिथं पोरं शिकतात.

न्हाणीघर, लष्करी दवाखाना, मठ, विद्यापीठ. शंभर वर्षांत चार वापर. चांगली गोष्ट आहे. इमारत पडून राहण्यापेक्षा कोणाच्या उपयोगी पडावी. पण ध्यानात घ्या, या सगळ्यात एकदाही कोणी म्हणालं नाही की मूळ कागदावर ‘आंघोळीची जागा’ लिहिलंय, म्हणून इथं शिकवणारा अतिक्रमणदार आहे. वापर बदलला तसा कागद बदलला. कागद वापराच्या मागं चालत गेला.

आपल्याकडं उलटं आहे. आपल्या प्लॉटवर आजापणजापासून नागली, वरई, उडीद होतोय. बांध आहेत, खाचरं आहेत, आंबा आहे. झाड म्हणाल तर राखून ठेवलेला मोह तेवढा आहे. पण कागदावर ‘वन’ लिहिलंय म्हणून ते वन. वर्षानुवर्षं नांगर चालला तरी वन, आणि नांगरणारा अतिक्रमणदार. कोणी एकसाली प्लॉट म्हणून कसलं, कोणी दळी म्हणून, दरसाल पैसे भरले. तरी तो आज चोर.

आणि हाच न बदलणारा कागद कधी बदलतो तेही आपण पाहिलंय. धरण यायचं ठरलं की बदलतो. कारखाना, खाण, विजेची लाईन आली की बदलतो. १८९४ चा भूसंपादनाचा कायदा इंग्रज गेले तरी २०१३ च्या अखेरपर्यंत चालू राहिला. ‘सार्वजनिक प्रयोजन’ एवढे दोन शब्द लिहिले की पिढ्यांची जमीन जायची. आमची नागली सार्वजनिक प्रयोजन होत नाही. ती खाणारी आमची पोरं बहुधा सार्वजनिक नसावीत.

म्हणून आम्ही म्हणतो, झगडा ‘जंगल की शेती’ असा नाहीच. वापर बदलायचा की नाही हे कोण ठरवणार, हा झगडा आहे.

डॉक्टर रिव्हर्स आणि तोडांची वंशावळ

आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस. ससूनवर क्रेगलॉकहार्टमध्ये ज्या डॉक्टरनं उपचार केले त्याचं नाव रिव्हर्स. इतर ठिकाणी अशा रुग्णांना विजेचे झटके देत, दरडावत. रिव्हर्स समोर बसवून बोलतं करी. जे आठवून त्रास होतो ते दाबू नका, बोला, असं त्याचं म्हणणं. ऐकणं हेच त्याचं औषध होतं.

हे ऐकणं त्यानं आधीही केलं होतं. या लढाईच्या कितीतरी आधी, १९०१-०२ मध्ये, हाच रिव्हर्स निलगिरीच्या डोंगरात आला होता. तिथं तोडा नावाचे आदिवासी राहतात. म्हशी पाळणारे, संख्येनं तेव्हा हजाराच्याही आत. त्यांच्या वस्तीला ‘मंद’ म्हणतात. त्यांचं दूधघर हेच देऊळ. रिव्हर्स त्यांच्यात राहिला आणि १९०६ मध्ये त्यानं ‘द तोडाज’ हे जाडजूड पुस्तक छापलं.

त्याची पद्धत काय होती? तो वंशावळ विचारायचा. तुझा बाप कोण, त्याचा बाप कोण, कोणत्या मंदातला, बायको कुठल्या कुळातली. मेलेल्याचं नाव घेणं तोडांमध्ये वर्ज्य, म्हणून एकाच्या पूर्वजांची नावं तो दुसऱ्याकडून घ्यायचा. दोघातिघांचं सांगणं ताडून पाहायचा. असं करत जवळजवळ सगळ्या तोडांच्या वंशावळी त्यानं लिहून काढल्या आणि पुस्तकात छापल्या. या पद्धतीवर त्याचं नाव झालं. माणसांचा अभ्यास करणारे विद्वान आजही ती शिकतात.

साथींनो, इथं थांबा आणि विचार करा. एकाही तोडाकडं लिखित कागद नव्हता. सगळं तोंडी. तरी ते विलायतेत खरं मानलं गेलं, शास्त्र म्हणून छापलं गेलं. आणि आज आपली ऐंशी वर्षांची म्हातारी साहेबासमोर उभी राहून सांगते, ‘या बांधाला माझ्या सासऱ्यानं दगड लावला, त्या आंब्याखाली माझा थोरला पुरलाय’, तेव्हा साहेब म्हणतो, ‘कागद दाखव.’ गोऱ्या साहेबाच्या वहीत तोंडी सांगणं पुरावा होतं, काळ्या साहेबाच्या टेबलावर ती नुसती बडबड होते. सांगणारा दोन्हीकडं आदिवासीच. फरक एवढाच की रिव्हर्सला माहिती हवी होती. ऐकून घेतल्यानं त्याला जमीन द्यावी लागत नव्हती.

आणि निलगिरीचं पुढं काय झालं? तोडांच्या म्हशी चरत त्या गवताळ माळांवर इंग्रजांनी उटकमंड वसवलं. आजारी गोऱ्यांना हवापालट म्हणून, मद्रास सरकारला उन्हाळ्याची राजधानी म्हणून. आपल्याकडं ठाण्याचा कलेक्टर मॅलेट १८५० मध्ये माथेरानच्या डोंगरावर चढला आणि ठाकर, कातकरी, धनगरांच्या डोंगराचं हवा खाण्याचं ठिकाण झालं, त्यातलाच हा प्रकार. मग तोडांच्या कुरणावर चहा आला, वॅटल आलं, ऑस्ट्रेलियातून आणलेलं एक उंच झाड आलं. त्या झाडाला आज आपण मराठीत काय म्हणतो? निलगिरी! परक्या मुलखातलं झाड तोडांच्या डोंगराचं नाव घेऊन बसलं. आपल्याकडंही त्याची रोपवाटिका होते, लागवड होते, आणि तिला ‘वनीकरण’ म्हणतात. ज्या गवतावर हजार वर्षं म्हशी चरल्या ते माळ तोडांनी बिघडवले नव्हते.

म्हणून ‘आदिवासी जंगल खातो’ असं कोणी म्हणालं की त्याला निलगिरीला धाडा. जंगल राहिलं पाहिजे हे आम्हीही म्हणतो. पहिल्यांदा त्याची झळ आम्हालाच लागते. मोहाची फुलं, टेंभुर्णीचं पान, कंद, सरपण, सगळं त्यातून येतं. पण जंगल राखणारा कोण आणि कागद राखणारा कोण, यात घोळ करू नका.

मग करायचं काय

सरकारनं कधी काही दिलंच नाही असं नाही. १९७४ चा कायदा झाला, बिगर-आदिवासींच्या हातात गेलेल्या काही जमिनी त्यातून परत मिळाल्या, त्याही लढल्यावर. १९७८ च्या डिसेंबरात शासनानं निर्णय काढला, ३१ मार्च १९७८ पर्यंतची वनजमिनीवरची आदिवासींची वहिवाट नियमित करू म्हणून. मग १९८० चा वनसंवर्धन कायदा आला आणि दिल्लीच्या परवानगीत गाडं अडकलं.

शिवाय तेव्हा पुरावा काय मागत? दंडाची पावती. म्हणजे ज्याच्यावर गुन्हा नोंदला त्याचा हक्क. ज्यानं गार्डाला कोंबडी दिली, तांदूळ दिले, घाबरून शंभराची नोट दिली, त्याच्याकडं पावती कुठून येणार? लाच घेणारा पावती फाडत नाही. चोरी त्याची, आणि पुरावा नाही म्हणून जमीन जाणार आमची!

आमची मागणी सरळ आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा जबाब पुरावा म्हणून घ्या. बांध, विहीर, आंबा, मोह, वाघदेवाचा दगड, मसणवट, हे सगळं पुरावा म्हणून घ्या. जमिनीवर येऊन पंचनामा करा, टेबलावर बसून नको. एका डॉक्टरला जे १९०२ मध्ये जमलं, ते स्वतंत्र देशाच्या कचेरीला का जमू नये?

पण मागणी करून गप्प बसायचं नाही. सांगणारी माणसं चाललीत. या दोन पावसाळ्यांत कितीतरी म्हातारे गेले आणि त्यांच्याबरोबर बांधांचा इतिहास गेला. म्हणून प्रत्येक पाड्यानं पाऊस लागायच्या आत एवढं करावं:

एक वही घ्या. प्रत्येक घराची वंशावळ लिहा, निदान चार पिढ्या. जमीन पहिल्यांदा कोणी फोडली, कोणत्या सालात. साल माहीत नसेल तर मोठा दुष्काळ, देवीची साथ, धरणाचं काम, कशाच्या आधी की नंतर, ते लिहा. बायांचं सांगणं वेगळं लिहून घ्या. लग्न होऊन आलेल्या बाईला सासरची जमीन पहिल्या दिवसापासून लक्षात असते. एकाचं सांगणं शेजारच्या पाड्यातल्या दुसऱ्याकडून ताडून घ्या, म्हणजे कोणी खोटं म्हणू शकणार नाही. प्लॉटच्या चारी बाजू, कोणती झाडं, कोणते दगड, ते लिहा. सगळ्या पाड्यासमोर वाचून दाखवा. चूक असेल ती तिथंच खोडा. मग अंगठे घ्या, पंच म्हणून पाच माणसांच्या सह्या घ्या.

तीन नकला करा. एक पाड्यात, एक संघटनेकडं, एक कचेरीत. शिकलेल्या पोरांनी हे काम अंगावर घ्यायचं आहे. शाळेनं तुम्हाला अक्षर दिलं, ते पहिल्यांदा आजीच्या कामाला लावा.

साहेब घेणार नाही म्हणेल. उद्या या म्हणेल. एकानं जाऊ नका, पन्नास जणांनी जा, भाकर बांधून जा. कागद देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मागा.

पोच मिळाल्याशिवाय कचेरीतून उठायचं नाही.

जंगल जमीन आमच्या हक्काची!